क्रमाबाहेरच्या ओळी

१२ जानेवारी

वीस वर्षांपूर्वी निरोपसमारंभात मिळालेली ही वही मी कोरी ठेवली होती. इतक्या चांगल्या कागदावर काय लिहावं ते सुचेना. आजही सुचलंय असं नाही, पण घरात दोन माणसं आणि दोघंही गप्प, तेव्हा तिसऱ्या कुणाशी तरी बोलावं.

लेक दुपारी तीनलाच घरी आली. तिची पाळी आठला सुटते. बूट न काढता खुर्चीत बसली आणि पायांकडे बघत राहिली.

"बरं नाही का, पोरी?"

"बरं आहे. उद्यापासून मी लिनन रूममध्ये."

सत्तावीस वर्षं ती परिचारिका आहे. त्यातली अठरा शस्त्रक्रियेनंतरच्या वॉर्डात. लिनन रूम म्हणजे धुऊन आलेल्या चादरी, अभ्रे आणि गाऊन यांची खोली. तिथे घड्या घालायला माणूस लागतो, परवाना लागत नाही. मेट्रनबाईंनी बोलावून सांगितलं, की दर पाच वर्षांनी होतं ते परवान्याचं नूतनीकरण या वेळी झालेलं नाही. सरकारनं आणलेल्या नव्या संगणक-प्रणालीनं तिच्या नावापुढे लिहिलंय, 'नोंद संशयित'. एकतीस मार्चपर्यंत हा शेरा निघाला नाही तर परवाना संपला. नव्यानं नोंदणी करावी म्हटलं तर वयाची अट चाळीस. लेक एकोणपन्नासची आहे.

मला, खरं सांगायचं तर, हसू आलं.

"तुझी नोंद संशयित? अगं, ती माझ्या हातची आहे!"

एकतीस वर्षं मी परिचारिका नोंदणी कार्यालयात रजिस्टर लिहिलं. तिचं नाव लिहिलं तेव्हा नवी निब लावली होती. त्या अक्षरावर कोण संशय घेणार?

ती हसली नाही. म्हणाली, "बाबा, त्याला अक्षर दिसत नाही."

१६ जानेवारी

तीन दिवस मदत-क्रमांकावर फोन. आधी संगीत, मग एक बाई म्हणते, आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे. चाळीसेक वेळा ऐकल्यावर लक्षात आलं, की बाईंचं वाक्य वृत्तात बसता बसता राहतं. शेवटी एक गुरू कमी पडतो. मी तो हुंकारानं भरून काढत होतो. लेकीनं फोन काढून घेतला.

आज मग दोघं जुन्या कार्यालयातच गेलो. माझी खिडकी बुजवून तिथे नंबरांची चिठ्ठी देणारं यंत्र बसवलंय. काउंटरवरची मुलगी भली आहे.

"आजोबा, मला स्क्रीनवर फक्त लाल पट्टी दिसते. कारण दिसत नाही."

"कारण कुणाला दिसतं?"

"कंपनीला."

"आणि कंपनी काय म्हणते?"

"खात्याला विचारा म्हणते."

"आणि खातं?"

तिनं स्वतःच्या छातीला बोट लावलं. "खातं म्हणजे मीच की हो."

अशा लाल पट्टीच्या नोंदी चारशे बारा आहेत म्हणे. बाकावर त्यांतले सातआठ जण बसले होते. एक दाढीवाला परिचारक, एक जाड चष्म्याची सुईण, दोघी जुळ्यांसारख्या दिसणाऱ्या, पण बहिणी नव्हेत. खिडकीवरची जुनी सवय, मी प्रत्येकाला नोंदणी क्रमांक विचारत गेलो. कुणाचा शेवट एकवर, कुणाचा सव्वीसवर, कुणाचा एकावन्नवर, कुणाचा शहात्तरवर. लेकीचा आठ हजार एकशे शहात्तर. पुन्हा एकदा विचारून खात्री केली. या चारांपलीकडे एकही नाही!

परतताना मी लेकीला म्हटलं, "बघ, कसं ठरल्या जागी येतंय. मंदाक्रांतेत चौथ्या अक्षरावर श्वास घ्यावाच लागतो ना, तसं. गुरुजी टेबलावर पट्टी आपटायचे तिथे."

ती म्हणाली, "बाबा, रस्ता क्रॉस करताना हात सोडू नका."

२३ जानेवारी

आज पेपरात आनंदाची बातमी. या परवाना-प्रणालीची चौकशी करायला विधिमंडळानं समिती नेमली आहे. ज्यांचं ज्यांचं काम अडलंय त्यांनी लेखी म्हणणं पाठवावं, निवडक लोकांना प्रत्यक्ष बोलावण्यात येईल. अध्यक्ष एक बाई आहेत, राजकारणात येण्याआधी शाळेत शिकवत होत्या. मला गुरुजींचा वर्ग आठवला. खिडकीतून येणारं तिरपं ऊन, त्यात तरंगणारी खडूची धूळ आणि चाळीस पोरं एका सुरात नदीची कविता म्हणतायत. ज्यानं कधी वर्गात कविता म्हणवून घेतली तो माणूस कुणावर अन्याय करील असं मला वाटत नाही.

तीन पानी पत्र लिहिलं. लेकीनं वाचून अडीच पानं खोडली.

३० जानेवारी

टिपकागद येऊन गेला. कार्यालयात माझ्या शेजारच्या टेबलावर होता. सगळ्यांच्या भानगडी शोषून घेणारा आणि स्वतः कोरडा राहणारा, म्हणून हे नाव. माझं नाव तिथे 'कविराज' होतं. रजिस्टर लिहिलेल्यांपैकी आता आम्ही दोघंच उरलो, आणि त्याची नजर गेल्या वर्षी गेली. पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून जिना चढला.

"कविराज, तुला बोलावणं आलं म्हणे?"

"अकरा तारखेला!"

"मग ऐक. समितीचा कारकून माझ्या ओळखीचा. आठवड्यात तीन बैठका झाल्या, कंपनीच्या माणसाला एकदाही कारण सांगता आलं नाही. बाई चिडल्यात. यंत्राचंच काही चुकतंय असं त्यांचं मत झालंय. वर्षभर यंत्र बंद, तोवर जुन्या नोंदी जशाच्या तशा ग्राह्य, अशी शिफारस तयार आहे. नुसती सही व्हायची राहिली आहे."

मी उठून त्याला मिठीच मारली.

"सोड रे! म्हणून सांगतो, तू जा, मुलीचे हाल सांग, डोळ्यांत पाणी आण, आणि घरी ये. रजिस्टरबद्दल बोलू नकोस. ओळींबद्दल तर अक्षरही नको."

"का?"

त्यानं न दिसणारे डोळे माझ्याकडे वळवले. "साक्ष म्हणजे स्नेहसंमेलन नव्हे, एवढं लक्षात ठेव."

नजर गेल्यापासून त्याचा स्वभाव कडवट झालाय. रजिस्टरबद्दल लाजण्यासारखं काय आहे? उलट तेच तर सांगायला हवं. आजच्या लोकांना कळायला हवं, की एकेकाळी सरकारी कागदातही माणूस राहत होता.

११ फेब्रुवारी

काय दिवस! सगळं क्रमवार लिहून ठेवतो.

लांबलचक टेबल, हिरवं कापड, प्रत्येकासमोर पाण्याचा ग्लास आणि लाल दिव्याचा माइक. समितीचे नऊ सदस्य, त्यांतले दोघं फोनमध्ये डोकं घालून. मधोमध अध्यक्षबाई. पांढरे केस, नाकावर चष्मा, समोर टोकदार पेन्सिली. अगदी वर्गशिक्षिका. डाव्या बाजूला कंपनीचा माणूस, कोवळा, टाय घट्ट आवळलेला, कपाळावर घाम. मी गेलो तेव्हा बाई त्याची हजेरी घेत होत्या.

"नियम तुमचा, यंत्र तुमचं, आणि कारण तुम्हाला माहीत नाही?"

"मॅडम, नियम शेकड्यानं आहेत. कुठला लागला हे प्रणाली बाहेर दाखवत नाही. आमची तपासणी सुरू आहे."

"मागच्या बैठकीतही सुरूच होती. चारशे बारा माणसं घरी बसलीत, आणि तुमची तपासणी सुरू आहे!"

मग मला बोलावलं. बाई म्हणाल्या, "बसून बोला, आजोबा. घाई नाही."

मी लेकीबद्दल सांगितलं. तिच्या हाताखाली किती माणसं शुद्धीवर आली, ते सांगितलं. मग म्हटलं, अध्यक्षमहोदया, एक गंमत सांगू का? या सगळ्यांचे क्रमांक मी विचारले. ते एक, सव्वीस, एकावन्न नाहीतर शहात्तरवरच संपतात. जणू कुणी वृत्तातला विराम, यति, ठरवून दिलाय.

फोनमधली दोन्ही डोकी वर आली. कंपनीच्या माणसानं काहीतरी भराभर टिपलं.

"असं का असावं?" बाईंनी विचारलं.

का ते मला कुठे माहीत? पण पानाच्या पहिल्या ओळीचे ते क्रमांक, एवढं तर मी झोपेतही सांगेन. आमच्या पानावर पंचवीस ओळी. आणि मग मी आमची रीत सांगितली. ती नियमांत कुठेच लिहिलेली नव्हती, पण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. पानाच्या तळाच्या दोन ओळी कोऱ्या सोडायच्या आणि पुढचं पान सुरू करायचं. कुणाची कागदपत्रं लांबच्या गावाहून उशिरा यायची, कुणी बाळंतपणात अडकायची, कुणाचा बाप आजारी असायचा. अशा मुली महिन्यानं, दीड महिन्यानं धापा टाकत आल्या, की त्या राखलेल्या ओळींवर त्यांना बसवायचं. त्यांची ज्येष्ठता जाऊ नये, बरोबरच्या मैत्रिणींच्या मागे पडू नयेत, म्हणून.

खोली शांत झाली होती. सुंदर कवितेनंतर वर्ग होतो तशी शांत.

"म्हणजे तळाच्या ओळीवर तारीख नंतरची," बाई सावकाश म्हणाल्या, "आणि पुढच्या पानाच्या पहिल्या ओळीवर तारीख तिच्या आधीची."

"अगदी बरोबर! तारखेशी आम्ही कधी खोटं वागलो नाही."

"आणि क्रमांकाशी?"

मी हसलो. "क्रमांक काय हो, नुसता ओळीचा."

"ओळ कुणासाठी राखायची हे कोण ठरवायचं?"

"मी. माझ्या आधी माझे साहेब."

"आणि तुमच्या मुलीची नोंद?"

तेव्हा मला भरून आलं. तिचा निकाल लागला त्या दिवशी पानावर चार ओळी शिल्लक होत्या. पण माझ्या लेकीचं नाव तळाशी, खांदे पाडून, मला बघवेना. मी चारही सोडल्या, पान उलटलं आणि अगदी माथ्यावर, कोऱ्या पांढऱ्या जागेत, तिचं नाव लिहिलं. हे सगळं मी सांगितलं. सांगताना माझा आवाज हलला असावा, कारण कंपनीच्या त्या माणसानं स्वतः उठून माझा ग्लास भरला. आधी वाटला तेवढा वाईट नाही तो. त्याचा घामही थांबला होता.

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "आजोबा, तुम्ही फार प्रामाणिक आहात," म्हणाल्या.

येताना सफरचंदं आणली. लेकीला इत्थंभूत सांगितलं, अगदी हातवारे करून. ती सिंकपाशी उभी होती.

"हे सगळं रेकॉर्ड झालं?"

"सगळं. लाल दिवा शेवटपर्यंत चालू होता."

ती एक कप धूत होती. मघाशीच धुतलेला.

१४ फेब्रुवारी

पेपरवाल्यांनी भलतंच छापलंय. 'जुन्या नोंदवह्यांत मर्जीतल्यांसाठी जागा राखीव. निवृत्त कर्मचाऱ्याची कबुली. प्रणालीनं गैरप्रकार अचूक पकडला.'

कबुली? मी तर रीत सांगितली. संपादकांना खुलासा लिहायला बसलो. लेक म्हणाली, राहू द्या. मी म्हटलं, अगं, गैरसमज झालाय. ती म्हणाली, "नाही बाबा. समज झालाय."

१५ फेब्रुवारी

टिपकागदाचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"माझी भाची त्या चारशे बारांत आहे. एकशे एक्कावन्नावं पान, पहिली ओळ. तिला मी काय सांगू?"

"अरे, पण तिचं काहीच चुकलेलं नाही! तिची तारीख खरी, परीक्षा खरी."

"ते मला माहीत आहे, तुला माहीत आहे. सही व्हायची राहिली होती रे, नुसती सही! आणि तू जाऊन त्यांना कारण दिलंस. इतके दिवस त्यांना जे सापडत नव्हतं ते तू ताटात वाढलंस, वर वाढताना गायलास."

फोन ठेवला त्यानं. एकावन्न वर्षांची दोस्ती.

१९ फेब्रुवारी

लेकीनं आज कागद घेऊन मला समजावलं, चिडलेल्या रुग्णाला समजावतात तसं, हळू आवाजात.

यंत्र एकच गोष्ट बघतं. क्रमांक पुढे गेला की तारीखही पुढे जायला हवी. तळाच्या ओळीवर उशिरा आलेलीची तारीख. तिच्यानंतरचा क्रमांक पानाच्या माथ्यावरचा, आणि त्याची तारीख मात्र जुनी. यंत्राला वाटतं, हिला मागची तारीख टाकून घुसवलंय. जी उशिरा आली ती सुटली. जी वेळेवर आली, आणि जिच्या आधी आम्ही ओळ सोडली, ती अडकली.

"म्हणजे ज्यांना मी सांभाळलं त्यांना काही नाही..."

"काही नाही."

"आणि तू तळाच्या त्या चार ओळींपैकी पहिलीवर असतीस तर?"

"तर आज वॉर्डात असते."

आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "जेवून घ्या. तुमची गोळी राहिली आहे."

तिची आई तेव्हाच म्हणाली होती, तुमचं प्रेम नेहमी दुसऱ्याच्या वहीत असतं. मी त्यावर दोन दिवस रुसलो होतो.

४ मार्च

समितीचं पत्र. चारशे बारा नोंदींची मूळ रजिस्टरमध्ये ओळख पटवायला हवी. अक्षर ओळखू शकणारा डोळस माणूस मी एकटा. गेलो नाही तर नोंदी बनावट समजून पोलिसांकडे जातील. गेलो आणि ओळख पटली, तर फक्त रद्द होतील.

जाण्याआधी अध्यक्षबाईंना गाठायचं ठरवलं. दोन तास त्यांच्या दाराबाहेर बसलो. मनात वाक्यं जुळवत होतो, चांगली चाल असलेली. त्या बाहेर आल्यावर एकही आठवलं नाही.

"बाई, त्या मुलींचा काही दोष नाही. दोष ओळीचा आहे. माझा आहे."

"मला माहीत आहे." त्या चालता चालता थांबल्या. फाइल छातीशी धरलेली. "पण कायद्यात लिहिलंय, क्रमांक क्रमानं द्यायचा. आता मला कारण माहीत नाही असं मी म्हणू शकत नाही. तुम्हीच सांगितलंत, रेकॉर्डवर. मी अठरा वर्षं शाळेत होते, आजोबा. गैरहजर मुलाची हजेरी मी कधी लावली नाही."

"मुली हजर होत्या, बाई. मी त्यांना फक्त पुढच्या बाकावर बसवलं."

त्यांनी माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. खरंच मायेनं. म्हणाल्या, "त्यांना न विचारता." आणि लिफ्टमध्ये शिरल्या.

९ ते १२ मार्च

चारही दिवस अभिलेख-गोदामात. थकल्यामुळे रोज लिहिलं नाही.

रजिस्टरं लोखंडी रॅकवर आडवी पडलीत. उघडली की तोच वास, गोंदाचा आणि जुन्या शाईचा. माझं तिशीतलं अक्षर बघून मला त्या माणसाचा हेवा वाटला. किती निश्चिंत वळणं काढायचा! साहेबांचं कोरीव अक्षर, टिपकागदाचं डावीकडे कललेलं. एकेका पानाशी थांबावंसं वाटायचं. शेजारी बसलेला कारकून घड्याळ बघायचा.

छापील तक्ता. तीन रकाने. क्रमांक, 'क्रमानं', 'क्रमाबाहेर'. खाली माझी सही.

"शेऱ्याला जागा नाही का?" मी विचारलं.

"शेरा कशाला?"

"हिचे वडील वारले होते त्या आठवड्यात. तिच्यासाठी ओळ राखली होती. पुढच्या पानावरच्या मुलीचा याच्याशी काही संबंध नाही, एवढंच लिहायचंय."

"प्रणालीत शेऱ्याचा रकाना नाही, आजोबा. खूण करा."

पहिल्या दिवशी मी प्रत्येक नाव मोठ्यानं वाचत होतो. दुसऱ्या दिवसापासून मनात. काल नुसते क्रमांक.

लेकीची ओळ आज अकराच्या सुमारास आली. सकाळी निघताना ती म्हणाली होती, "माझ्या ओळीवर खोटी खूण करू नका हं, बाबा." मी म्हटलं, करीन म्हणून कोण म्हणतंय? पण जिना उतरताना माझ्या मनात तेच होतं. एक खूण, एका रकान्याच्या डावीकडे. कारकून चहाला उठला होता. गोदामात मी आणि ते पान.

नवी निब लावून लिहिलेलं नाव. बाकीच्या नावांपेक्षा किंचित मोठं. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी खूण केली. उजवीकडे. तिच्याआधी दोनशे सत्तेचाळीस जणांच्या उजवीकडे केल्यावर तिच्या एकटीच्या डावीकडे करायची, म्हणजे मी पुन्हा तेच करणार होतो. हात धजला नाही. हा सद्गुण की नुसता थकवा, ते सांगता येत नाही.

 

२८ मार्च

अहवाल सभागृहात मांडला गेला. मी प्रेक्षकांच्या गॅलरीत होतो. वाटलं होतं, चर्चा होईल, कुणीतरी उठून विचारील. खालच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या. सचिवांनी अहवालाचा क्रमांक वाचला, अध्यक्षबाई उभ्या राहून "मांडते" म्हणाल्या आणि बसल्या. पुढचा विषय रस्त्यांचा होता. त्यावर मात्र आरडाओरडा झाला.

छापील प्रत मिळाली. शिफारशी अशा. चारशे बारा नोंदी एकतीस मार्चपासून रद्द. संबंधितांनी इच्छा असल्यास प्रचलित अटींनुसार नव्यानं अर्ज करावा. प्रणालीचं कार्य समाधानकारक. ती डॉक्टर, औषधविक्रेते आणि दंतवैद्यांच्या परवान्यांनाही लागू करावी. आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, 'एका वयोवृद्ध साक्षीदारानं निःसंकोचपणे दिलेली माहिती समितीच्या कामी निर्णायक ठरली. समिती त्यांची ऋणी आहे.'

लेकीनं तो परिच्छेद वाचला. प्रत टेबलावर ठेवली आणि उडू नये म्हणून तिच्यावर मिठाची बाटली ठेवली.

"चांगलं मराठी लिहिलंय," म्हणाली.

१७ एप्रिल

लिहायला काही नव्हतं म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. मेट्रनबाईंनी शब्द टाकला, त्यामुळे तिला लिनन रूममध्ये कायम ठेवलंय, मदतनीस म्हणून. पांढरा गणवेश परत करावा लागला. आता करडा कोट घालते. खालच्या मजल्यावरच्या काकू रक्तदाब बघून घ्यायला आल्या, तर त्यांना दवाखान्यात जायला सांगितलं. काकू म्हणाल्या, "इतकी कधी मोठी झालीस?" आणि रागावून गेल्या.

मी कविता म्हणायचा प्रयत्न करतो. पहिली ओळ येते, दुसरीपाशी अडतो. शाळेत असताना असं झालं, की गुरुजी मागून हळूच शब्द पुरवायचे.

२३ एप्रिल

आज जेवताना ती आपणहून बोलली. फार दिवसांनी, म्हणून लिहून ठेवतो.

तिच्या वॉर्डात नवी सिस्टर आली आहे, बावीस वर्षांची, परवाना फेब्रुवारीतला. लिनन रूमची भिंत त्या वॉर्डाला लागून आहे. दुपारी ती मुलगी धावत आली. एका म्हाताऱ्याला सलाइन लावायचं होतं, शीर सापडत नव्हती, तीनदा टोचून झालं होतं. "ताई, तुम्ही चला ना," म्हणाली.

"मग गेलीस?"

"कशी जाणार? हात लावला तर गुन्हा, तिचीही नोकरी जाईल. चादरीची घडी पुढ्यात घेतली आणि तिच्यावर बोट फिरवून दाखवलं. मनगटाच्या बाजूनं बघ, गरम पाण्याचा फडका ठेव, म्हाताऱ्यांची शीर सरकते, अंगठ्यानं ताणून धर. तिनं मान हलवली. सगळं कळल्यासारखी गेली."

"मग?"

"मग भिंतीपलीकडून म्हाताऱ्याचं ओरडणं ऐकू येत होतं. बराच वेळ. मी घड्या घालत होते."

तिनं माझ्या ताटात भाजी वाढली. मी विचारलं, "आणि मग?"

"मग बंद झालं."

ती जेवत राहिली. कशानं बंद झालं, ते मी विचारलं नाही.